विद्यास्थानांची घडण आणि मुलांचा हात
(कोल्हापूर–पन्हाळा परिसराच्या निमित्ताने एक मागोवा)

शके 1127 मध्ये, म्हणजे इ.स. 1205 साली, आजरे येथे एक व्याकरणग्रंथ पूर्ण झाला. ग्रंथाचे नाव 'शब्दार्णवचंद्रिका', कर्ते सोमदेव. जैनेंद्र व्याकरणाच्या परंपरेतील या ग्रंथाच्या अखेरीस कर्त्याने आपले स्थळ नोंदवून ठेवले आहे. शिलाहार राजा गंडरादित्याने बांधविलेल्या त्रिभुवनतिलक जिनालयात, भोज राजाच्या राज्यात हे लेखन झाले, असे तो सांगतो. हा भोज म्हणजे ज्याच्या काळात पन्हाळा शिलाहारांची राजधानी झाला तो दुसरा भोज. पुढे थोड्याच वर्षांत यादव सिंघणाने त्याचा पराभव केला, राज्य गेले, आणि गडाचे स्वामी बदलत राहिले. व्याकरण मात्र टिकले. त्याबरोबरच ते कोणत्या वास्तूत बसून लिहिले गेले, हेही टिकले.

विद्येच्या इतिहासात गुरूंची नावे सापडतात, ग्रंथांची सापडतात. परंतु शिकणारा कोठे बसत होता, उजेड कोणत्या बाजूने येत होता, ही नोंद क्वचितच हाती लागते. म्हणून सोमदेवाची ही ओळ मोलाची ठरते. कोल्हापूरच्या रूपनारायण बसदीचेही असेच आहे. शिलाहारांचा सामंत निंबदेव याच्या नावाशी ती जोडलेली. माघनंदी सैद्धांतिक आणि श्रुतकीर्ति त्रैविद्य अशा विद्वान मुनींचे ते केंद्र होते. या परिसरातील शिलालेखांत व्यापाऱ्यांनी आपल्या मालावरील कराचा वाटा बसदीसाठी लावून दिल्याचे उल्लेख आहेत, तो पूजेसाठी, जीर्णोद्धारासाठी आणि मुनींच्या आहारासाठी. म्हणजे विद्यास्थानाची डागडुजी हा समाजाचा नित्य खर्च आहे, ही जाण त्या काळीही होती. शिकणाऱ्याचे मत विचारण्याची मात्र प्रथा नव्हती, आणि तशी अपेक्षा करणेही काळाला धरून होणार नाही.

अठराव्या शतकात पन्हाळ्यावरचे विद्यास्थान म्हणजे गुरूचे घर. कविवर्य मोरोपंतांचा जन्म 1729 चा, पन्हाळ्याचा. केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे त्यांनी काव्य-व्याकरणाचे अध्ययन केले आणि नंतर ते बारामतीस गेले. गडावर तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी अशा एकाहून एक देखण्या वास्तू असताना अध्ययन झाले ते एका घराच्या ओसरी-माजघरात. शाळेसाठी म्हणून वेगळी वास्तू हवी, ही कल्पना आली ती नंतर, इंग्रजी अमलात.

ती आली तीही मोठ्या दिमाखात. मेजर चार्ल्स मँट यांनी कोल्हापुरात नवा राजवाडा, टाउन हॉल, इस्पितळ यांचे आराखडे केले, तसा कोल्हापूर हायस्कूलचाही केला. कमानी, मनोरे, कोरीव दगड यांनी ती वास्तू भारदस्त झाली. पाहणाऱ्याला राज्याचे वैभव दिसावे, हा तिचा एक हेतू होताच. वर्गाच्या खिडकीची उंची ठरवताना आत बसणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाची नजर कोठवर पोहोचते, हा प्रश्न त्या काळच्या आराखड्यांत नव्हता. तो प्रश्न पुढेही फार काळ कोणी विचारला नाही.

राजर्षी शाहू छत्रपतींनी 1917 मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण जाहीर केले, तेव्हा अडचण वेगळीच होती. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. पण मुले बसवायची कोठे? चावडी, धर्मशाळा, देवळाचा मंडप, जे मिळेल ते वापरावे लागले. 1919 मध्ये अस्पृश्यांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम निघाला. एका दृष्टीने पाहिले तर शाळेच्या जागेविषयीचा या संस्थानातील सर्वांत मोठा निर्णय हाच. त्यात वीट हलली नाही की भिंत उभी राहिली नाही. कोण कोणाशेजारी बसणार, एवढेच बदलले.

वसतिगृहांची कथा तर कोल्हापूरच्या जैन समाजाची स्वतःची कथा आहे. दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना 1899 ची. महाराजांच्या प्रेरणेने 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग ही वसतिगृहे निघाली, आणि मग मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी अशी एकेक उभी राहत गेली. खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात राहण्याची जागा नसेल तर शाळा असून नसल्यासारखी, हे त्या पिढीने ओळखले होते. पुढे संस्थानचे दिवाण आणि मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झालेले अण्णासाहेब लठ्ठे यांच्यासारखे कर्ते पुरुष या कामात होते.

याच बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म 22 सप्टेंबर 1887. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो गेला. परत आल्यावर स्नान करून मगच पंक्तीस यावे, असा आग्रह झाला; तो त्याने मानला नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. सुवर्णमहोत्सवी अंकात हा प्रसंग वगळता आला असता. परंतु वगळून चालणार नाही. जे विद्यास्थान समाजाने एवढ्या कष्टाने उभारले, त्याचे नियम तेथे राहणाऱ्या मुलांनी केलेले नव्हते. आणि एका मुलाला ते नियम पटले नाहीत म्हणून पुढे महाराष्ट्राला एक निराळे वसतिगृह लाभले.

कर्मवीरांनी 4 ऑक्टोबर 1919 रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते मिळाले. सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीस बसत. दाणागोटा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे सर्वश्रुत आहे. त्याहून कमी बोलले जाते ते मुलांच्या श्रमाविषयी. शेत करणे, दगड फोडणे, माती वाहणे, इमारतीच्या कामाला हात लावणे हे सारे 'कमवा व शिका' या योजनेचे अंग होते. ज्या भिंतीआड शिकायचे तिचा दगड आपण वाहिला आहे, हे ठाऊक असलेला विद्यार्थी त्या भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. मात्र येथेही एक भेद लक्षात ठेवावयास हवा. मुलांचे हात बांधकामाला लागले, आराखडा मोठ्यांचाच राहिला. गरिबीच्या त्या दिवसांत छप्पर मिळणे हेच अप्रूप होते.

पूज्य समंतभद्र महाराजांनी 1918 मध्ये कारंजा येथे आणि 1934 मध्ये कुंभोजजवळ बाहुबली येथे उभारलेली गुरुकुले हा याच काळातील दुसरा प्रवाह. डोंगराच्या पायथ्याची मोकळी जागा, ठरलेली दिनचर्या, आवाराची स्वच्छता विद्यार्थ्यांकडे. तेथे शिकून गेलेल्यांच्या आठवणी ऐकल्या तर वर्गाहून आवारच अधिक आठवते, असे जाणवते.

मुलाच्या आकाराने जागा घडवावी, हा विचार महाराष्ट्रात रुजवला तो ताराबाई मोडक यांनी. गिजुभाई बधेका यांच्यासह भावनगरला काम केल्यावर त्या 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे आल्या. सोबतीला अनुताई वाघ. आदिवासी पाड्यावरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरली, तिला कुरणशाळा म्हणत. 1957 मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी बिया, शिंपले, काड्या, दगड आले. आजच्या डिझाइन महाविद्यालयात 'वापरणाऱ्यापासून सुरुवात करा' असे शिकवतात. ताराबाईंनी ते कोणत्याही महाविद्यालयाविना केले. फरक एवढाच की मुले काय म्हणतात यापेक्षा मुले काय करतात, हे त्या पाहत राहिल्या.

कोल्हापुरात या विचाराची वारसदार शाळा निघाली ती 1985 मध्ये. अध्यापक महाविद्यालयाच्या प्राचार्यपदावरून निवृत्त झालेल्या लीलाताई पाटील यांनी 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केले. शाळा लहान, साधने साधी. मुलांनी प्रश्न विचारावेत, परिसरात जावे, शिक्षा नसावी, हे तिचे सूत्र. 'ऐलमा पैलमा शिक्षणदेवा' सारख्या पुस्तकांतून त्यांनी आपले प्रयोग नोंदवले. 2020 मध्ये त्या निवर्तल्या. एखादी खोली शिकण्याची जागा कशाने होते, या प्रश्नाचे लीलाताईंचे उत्तर इमारतीपेक्षा नात्यात होते, आणि डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने ते आधी वाचावे असे आहे.

आता मूळ विषयाकडे. वास्तू आणि वस्तू घडवण्याचे शिक्षण घेणारे तरुण विद्यार्थी एका बाजूला आणि शाळेतील मुले दुसऱ्या बाजूला, अशी बैठक बसवून शाळेच्या जागेचा नव्याने विचार करण्याची प्रथा मुख्यत्वे गेल्या काही दशकांतील आहे. तिचे एक मूळ इंग्लंडमध्ये सापडते. 1967 मध्ये तेथील 'ऑब्झर्व्हर' या वृत्तपत्राने 'मला आवडेल अशी शाळा' या विषयावर मुलांकडून लेखन मागवले. एडवर्ड ब्लिशन यांनी 1969 मध्ये त्याचे पुस्तक केले. मुलांना चौकोनी इमारतींचा कंटाळा आला होता, आणि आपले म्हणणे कोणी ऐकावे अशी त्यांची भूक होती. पुढे जॉन व फ्रान्सिस सॉरेल या दांपत्याने 1999 मध्ये एक संस्था स्थापून शाळकरी मुलांना थेट 'ग्राहका'च्या खुर्चीत बसवले. अडचण मुलांनी सांगायची, व्यावसायिक डिझाइनरने ऐकायचे, आराखडा दाखवायचा आणि मुलांनी तो पसंत-नापसंत करायचा. कालांतराने कला व डिझाइनचे शिक्षण घेणारे विद्यार्थीही या कामात आले. मुलांनी काय मागितले, हे पाहण्यासारखे आहे. शौचालये नीट हवीत. दप्तर ठेवायला जागा हवी. जेवणाची खोली गोंगाटाची नको. मधल्या सुट्टीत बसायला कोपरा हवा. मोठ्यांना वाटत होते मुले घसरगुंड्या मागतील. मुलांनी प्रतिष्ठा मागितली.

भारतात डिझाइन शिक्षणाचा पाया 1958 च्या ईम्स दांपत्याच्या अहवालावर उभा आहे. त्यातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, आणि 1969 मध्ये मुंबईच्या आय.आय.टी.त औद्योगिक डिझाइनचे केंद्र. अहमदाबादच्या संस्थेत शिकलेल्या किरण बीर सेठी यांनी 2001 मध्ये रिव्हरसाइड शाळा काढली आणि 2009 मध्ये 'डिझाइन फॉर चेंज' ही चळवळ सुरू केली. जाणा, कल्पना करा, करा, सांगा, अशा चार पायऱ्यांनी मुले स्वतःच्या शाळेतील वा गावातील एखादी अडचण सोडवतात. येथे मूल ग्राहकही नाही, तेच डिझाइनर आहे.

सरकारी शाळांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम वास्तुविशारद कबीर वाजपेयी व त्यांच्या 'विन्यास' संस्थेचे. राजस्थानातील 'लोक जुंबिश' कार्यक्रमाच्या काळात सुरू झालेल्या या कामाला पुढे युनिसेफची साथ मिळाली आणि 'बाला' या संक्षिप्त नावाने ते देशभर पोचले. इमारत हेच शिकण्याचे साधन, ही कल्पना. दार उघडते तेथे जमिनीवर कोनांच्या खुणा केल्या की दारच कोनमापक होते. खिडकीच्या गजांना अक्षरांची वळणे दिली की लहान बोटे त्यावरून फिरतात. खांबावर उंचीची पट्टी, व्हरांड्यात अंतराच्या रेघा. खर्च फारसा नाही, कारण खिडकीला गज तर लागणारच असतात.

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांत याचे रूप 'बोलक्या भिंती' म्हणून घरोघरी माहीत झाले. त्यातील गंमत अशी की बऱ्याच भिंती मोठ्यांच्या उंचीवर बोलतात. रंगाऱ्याला जेथे उभे राहून सोयीचे तेथे बाराखडी, आणि मुलाच्या डोळ्यांसमोर करड्या रंगाचा पट्टा, कारण खालची भिंत मळते! सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे व तेथील शिक्षकांनी 2012 च्या सुमारास ज्ञानरचनावादी पद्धतीने काम सुरू केले, तेव्हा फळ्याचे पाठ जमिनीवर उतरले. मुले रेखाटनांभोवती बसून, हात लावून शिकू लागली. 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाच्या काळात ठिकठिकाणचे शिक्षक ते पाहायला गेले. कित्येकांनी परत येऊन आपली फरशी रंगवून घेतली. त्यामागची पद्धत उचलणे अर्थातच अधिक कठीण होते.

पन्हाळा तालुक्यात हा विषय मांडायचा तर पावसापासून आरंभ करावा लागतो. समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच गड, आणि पश्चिमेकडच्या वाड्या-वस्त्या तर पावसाच्या तोंडाशी. जुलै-ऑगस्टमध्ये वाऱ्याने खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि वर्गात भरदिवसा अंधार होतो. छत्र्या ठेवायला जागा नसते, ओल्या चपला दारात, मैदान चिखलाचे. सरकारी आराखडा मात्र पठारावरचा आणि घाटमाथ्यावरचा एकच असतो, खोल्यांची ओळ आणि पुढे व्हरांडा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकामागे एक खोली, मुले-मुली यांच्यासाठी स्वतंत्र शौचालये, अडथळाविरहित प्रवेश, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण हे सर्व नमूद आहे. ते आवश्यकच आहे. परंतु खोली कशी असावी हे मुलाला विचारावे, असे त्यात कोठे नाही. बालहक्कांच्या ज्या आंतरराष्ट्रीय संहितेस भारताने 1992 मध्ये संमती दिली, तिच्या बाराव्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा हक्क आहे. वर्गखोलीहून मुलाच्या अधिक संबंधाची बाब कोणती असेल?

अशा कामाची रीत तशी सोपी आहे. डिझाइनचे विद्यार्थी शाळेत येतात आणि पहिले दिवस काही सुचवीत नाहीत. मुलांच्या हाती मोजपट्टी आणि खडू दिला जातो. आवडती जागा कोणती, नावडती कोणती, भीती कोठे वाटते, हे मुले नकाशावर दाखवतात. मग पुठ्ठे, काड्या, दोरा घेऊन लहान प्रतिकृती होते. मूल 'पोहण्याचा तलाव हवा' म्हणाले तर हसायचे नाही. त्याला उन्हाळ्यात पत्र्याखाली उकडते, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. हा अर्थ लावणे हेच तरुण विद्यार्थ्याचे खरे शिक्षण. त्याच्या महाविद्यालयात ग्राहक गृहीत धरलेला असतो, येथे तो समोर बसून नाक पुसत असतो.

या रीतीतला दोषही सांगितला पाहिजे. सत्र संपते, डिझाइनचे विद्यार्थी गुण घेऊन जातात, त्यांच्या कामाच्या संग्रहात सुंदर छायाचित्रे लागतात, आणि शाळेत पुठ्ठ्याची प्रतिकृती कपाटावर धूळ खात राहते. ज्या मुलांनी मन लावून सांगितले, त्यांना आपण सांगितल्याने काहीच होत नाही, हा धडा मिळतो. न विचारण्यापेक्षा हे वाईट. म्हणून मुलांच्या सूचनांपैकी निदान एक, मग ती चपलांची फळी का असेना, त्याच सत्रात प्रत्यक्ष झाली पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सभासद पालक असतात आणि विद्यार्थी प्रतिनिधींनाही स्थान असते. हा निर्णय तेथे होऊ शकतो. पैशाचा प्रश्न येतो तेव्हा शिलाहारकालीन व्यापाऱ्यांनी जीर्णोद्धारासाठी लावून दिलेला कराचा वाटा आठवतो. नव्या बांधकामाला देणगीदार मिळतात, कोनशिलेवर नाव येते. फळीला, खिडकीच्या गजाला कोनशिला नसते.

दुसरी चिंता पटसंख्येची. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा कराव्यात, हा विचार राज्यात 2023 पासून पुढे आला आणि त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. डोंगरातल्या वाडीवरची शाळा बंद झाली, तर तेथल्या मुलाच्या दृष्टीने शिकण्याच्या जागेचा पुनर्विचार म्हणजे ओढा ओलांडून चालत जाण्याचे अंतर. मुलांना विचारायचे तर हेही विचारावे लागेल.

गडावरची स्थिती आणखी निराळी आहे. 11 जुलै 2025 रोजी 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत पन्हाळा आहे. संरक्षित स्मारकांविषयीच्या कायद्यात 2010 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील दोनशे मीटरवर नियंत्रण. पन्हाळा हा केवळ किल्ला नव्हे, ते नांदते गाव आहे. तेथे मुले शाळेत जातात, निवासी शाळाही आहेत. नवी खोली बांधणे जेथे दुरापास्त, तेथे असलेल्या खोलीचाच फेरविचार करावा लागतो. बाक कसे लावायचे, उजेड कोठून घ्यायचा, व्हरांड्याचा वर्ग कसा करायचा, असे प्रश्न येतात. डिझाइनच्या विद्यार्थ्यांना आणि शाळकरी मुलांना मिळून सोडवता येईल असे नेमके हेच काम आहे.

आणि त्यासाठी लागणारा पाठ गडावर उभा आहे. अंबरखान्याच्या गंगा, यमुना आणि सरस्वती या तीन कोठ्यांत धान्य कोरडे राहावे म्हणून जाड भिंती आहेत आणि वर हवेसाठी झरोके. सहलीची मुले तेथे जातात, आतला गारवा अनुभवतात, आपला आवाज घुमतो का ते पाहतात आणि बाहेर येतात. एकदा मोजपट्टी घेऊन जावे. भिंतीची जाडी किती, झरोका किती उंचावर, दुपारी दोन वाजता उजेड जमिनीवर कोठे पडतो, हे मुलांनी टिपावे. दुसऱ्या दिवशी तेच माप आपल्या वर्गात घ्यावे.